पुलावरून पाणी वाहत असता वाहन घालणे धोक्याचे

रेणापूर : तालुक्यातील ग्रामीण रस्त्यांवर ओढ्यानाल्यांवरचे अनेक पूल कमी उंचीचे आहेत. रेणा व मांजरा नद्यांना पूर आला किंवा ओढे भरून वाहू लागले, की असे पूल पाण्याखाली जातात. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत लातूर जिल्ह्यासह मराठवाड्यातील अनेक रस्ते याच कारणाने बंद पडले होते. अशा वेळी वाहनाच्या ताकदीपेक्षा चालकाचा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

किती पाणी धोक्याचे?
वेगाने वाहणाऱ्या सुमारे १५ सेंटिमीटर पाण्यातही माणसाचा तोल जाऊ शकतो. ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते, तर ६० सेंटिमीटर पाण्यात जीपसारखे जड वाहनही टिकत नाही. पाणी वाहनाला खालून उचलते आणि टायरची पकड सुटते. शिवाय गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की नाही, हे दिसत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, तेव्हा एस.टी.च्या दोन बस वाहून गेल्या. म्हणून पाणी वाहते असेल, तर ते ओसरेपर्यंत थांबावे किंवा दुसरा मार्ग धरावा.

साचलेल्या पाण्यातून जाताना
रस्ता परिचयाचा आणि पाणी स्थिर व उथळ असेल, तरच पुढे जावे. वाहन पहिल्या गिअरमध्ये, संथ व एकसारख्या वेगाने न्यावे. मध्येच गिअर बदलू नये. वेग वाढविल्यास पाणी उसळून एअर फिल्टरमार्गे इंजिनात शिरते. समोरचे वाहन बाहेर पडल्यावरच आपले वाहन घालावे.

वाहन पाण्यात बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही; त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान सर्वसाधारण विम्यातून सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. वाहन ढकलून बाहेर काढावे व मेकॅनिकला दाखवावे.

बाहेर आल्यावर तपासणी
ओले ब्रेक नीट लागत नाहीत. ते हलके दाबत, कमी वेगाने थोडे अंतर जावे. नंतर पट्टी काढून इंजिन ऑइल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे आणि इंजिन सुरू करू नये. एअर फिल्टर ओला असल्यास बदलावा. या भागातील काळ्या मातीचा चिखल वाळला की घट्ट बसतो. त्यामुळे चाकांची आतील बाजू, ब्रेक व रेडिएटरची जाळी लगेच धुवावी. दुचाकीची साखळी स्वच्छ करून तिला तेल द्यावे. पुढील काही दिवसांत चाकातून घरघर ऐकू आल्यास बेअरिंग तपासून घ्यावे.

पुरात कोणी अडकल्यास ११२ या क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा.