विधवेच्या चुलीपासून सुरू झालेला बंधुसंघ

घरातील कर्ता पुरुष अकाली गेला की त्याच्या अंत्यविधीला सारा गाव लोटतो. परंतु महिन्याची मिस्सा झाल्यानंतर त्या घरची चूल कशी पेटते, हे पाहायला फारच थोडे जातात. नेमक्या या प्रश्नातून अमेरिकेतील 'नाईट्स ऑफ कोलंबस' हा कॅथलिक पुरुषांचा बंधुसंघ जन्मास आला. त्याची कहाणी आपण समजून घेण्याजोगी आहे.

संस्थापक फादर मायकल मॅकगिव्हनी यांचा जन्म १२ ऑगस्ट १८५२ रोजी कनेटिकट राज्यातील वॉटरबरी येथे एका आयरिश स्थलांतरित कुटुंबात झाला. तेरा भावंडांत ते थोरले. त्यांपैकी सहा बालपणीच दगावली. वडील पितळेच्या कारखान्यात राबत. तेराव्या वर्षी मायकल स्वतः चमच्यांच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे ते सेमिनरीत गेले. पण १८७३ साली वडील वारले आणि शिक्षण सोडून त्यांना घरी परतावे लागले. बिशपांच्या आर्थिक साहाय्यामुळेच त्यांचे शिक्षण पूर्ण झाले आणि १८७७ मध्ये बाल्टिमोर येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. अनाथ घराचे दुःख त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

न्यू हेवन शहरातील सेंट मेरी चर्चमध्ये ते सहायक धर्मगुरू म्हणून रुजू झाले. तो काळ कॅथलिकांना अनुकूल नव्हता. श्रीमंतांच्या वस्तीत हे चर्च उभे राहिल्याने तेथील रस्त्याची शोभा गेली, अशी टीका १८७९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने केली होती. आयरिश मजूर धोक्याची कामे करीत आणि तरुणपणीच मरत. फ्रीमेसनांसारख्या गुप्त संघटनांचे सभासदत्व ख्रिस्तसभेने निषिद्ध मानले होते. पण केवळ निषेधाने माणसाची सोबतीची आणि आधाराची गरज भागत नाही, हे फादरांनी ओळखले. १८८२ च्या प्रारंभी अल्फ्रेड डाऊन्स या पितृहीन मुलाच्या संगोपनाची हमी न्यायालयाने मागितली, तेव्हा ते स्वतः त्याचे पालक म्हणून उभे राहिले. परंतु एक धर्मगुरू किती मुलांचा पालक होणार?

त्याचे उत्तर ते आधीपासूनच शोधत होते. २ ऑक्टोबर १८८१ रोजी सेंट मेरी चर्चच्या तळघरात त्यांनी काही पुरुषांना एकत्र आणले. २९ मार्च १८८२ रोजी संघाला राज्याची सनद मिळाली. सभासद निवर्तला तर इतरांनी ठरलेली वर्गणी द्यावी आणि ती त्याच्या कुटुंबाच्या हाती पडावी, अशी योजना होती. विधवेला कोणापुढे पदर पसरावा लागू नये, हा तिचा गाभा होता. भिक्षा आणि हक्क यांतला फरक येथे स्पष्ट होतो. परोपकार व एकता ही आद्य तत्त्वे. पुढे बंधुभाव आणि देशभक्ती यांची भर पडली. कोलंबसचे नाव घेण्यामागे कॅथलिक या देशात उपरे नाहीत, हे सांगण्याचा हेतू होता. 'परका धर्म' हे शब्द ऐकलेल्या आपल्याला तो हेतू सहज कळावा.

पहिल्या महायुद्धात या संघाने सैनिकांसाठी विश्रांतिगृहे चालविली. तेथे कोणत्याही धर्माच्या सैनिकाला मुक्तद्वार होते. ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये मुलांना सरकारी शाळेतच पाठविण्याची सक्ती करणारा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्धच्या लढ्याला संघाने पैसा पुरविला. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला.

परंतु इतिहास लिहिताना डाग झाकून चालत नाही. १९२४ मध्ये याच संघाने डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचा कृष्णवर्णीयांच्या योगदानावरील ग्रंथ प्रकाशित केला. आणि तरीही अनेक शाखांचे दरवाजे कृष्णवर्णीय कॅथलिकांना बंदच राहिले. त्यांना १९०९ मध्येच 'नाईट्स ऑफ पीटर क्लेव्हर' हा स्वतंत्र संघ स्थापावा लागला होता. १९६३ मध्ये शिकागोतील एका शाखेने एका कृष्णवर्णीय पदवीधराला नाकारले, तेव्हा तेथील पदाधिकाऱ्यांनी निषेधार्थ राजीनामे दिले. मूठभर विरोधी मतांनी प्रवेश नाकारण्याचा नियम १९६४ मध्ये बदलला. अपमान सोसलेल्यांचा संघही दुसऱ्याचा अपमान करू शकतो, हा धडा आपण विसरू नये.

फादर मॅकगिव्हनी १४ ऑगस्ट १८९० रोजी, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने निवर्तले. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले. आज संघाचे सभासद वीस लाखांहून अधिक आहेत.

आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पतपेढी स्थापन झाली. तिचीच पुढे बँक झाली. न्यू हेवनच्या तळघराशी तिचा संबंध नव्हता. पण प्रेरणेचे नाते उघड आहे. प्रार्थनेला हिशोबाच्या वहीची जोड मिळाली, तरच शेजाऱ्याचे घर सावरते. आपल्या धर्मग्रामातील पुरुष सणाच्या वर्गणीसाठी तत्परतेने एकत्र येतात. महिन्याच्या मिस्सानंतर त्या घराचे दार कोण ठोठावणार, हे ठरविण्यासाठीही त्यांनी एकदा एकत्र बसावे, असे आम्हांस वाटते.