एका फूटपट्टीचं अंतर: अविनाश साबळे

आज जरा धावपळीचा विषय आहे, पण 8:11 च्या फास्ट लोकलमागे आपण डोंबिवलीकर धावतो ती धावपळ नाही. आजचं 8:11 म्हणजे आठ मिनिटं अकरा सेकंद.

6 ऑगस्ट 2022, शनिवार. मी डोंबिवलीत घरी, मोबाईलवर बर्मिंगहॅमची कॉमनवेल्थ स्पर्धा लावून बसलो होतो. 3000 मीटर स्टीपलचेसची फायनल. ही शर्यत मध्यम पल्ल्याची की लांब, यावर वाद घालणारे घालोत. पण प्रकार भन्नाट आहे. 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटीमीटर उंच, आणि हर्डलसारखा धक्का लागला की आडवा होत नाही. पाय अडकला तर आडवे तुम्ही होता.

आता इतिहास बघा. 1998 ते 2018, सलग सहा कॉमनवेल्थ स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली. म्हणजे अठरापैकी अठरा! आणि त्यांच्यात घुसला कोण, तर बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा पोरगा.

अविनाशचे आईवडील शेतकरी. शाळा सहा किलोमीटरवर, जायचं पायी नाहीतर धावत. बारावी झाली आणि तो सैन्यात गेला, 5 महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची थंडी, राजस्थानचं ऊन, मग सिक्कीम. खरं धावणं सुरू झालं 2015 मध्ये, सैन्याच्या क्रॉस कंट्रीपासून. म्हणजे विशीनंतर! आपल्याकडे त्या वयात ‘आता खेळ बास, जॉब बघ’ सुरू होतं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं.

2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने 8:29.80 वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 37 वर्षं टिकलेला विक्रम! त्यानंतर तो स्वतःचेच विक्रम मोडत सुटला. 2019 ला दोह्याच्या जागतिक स्पर्धेत हीटमध्ये दुसऱ्या धावपटूमुळे अडखळला, तरी राष्ट्रीय विक्रम. भारताने दाद मागितली, फायनलमध्ये जागा मिळाली, तिथे 8:21.37. ऑलिंपिकचं तिकीटही पक्कं.

परत बर्मिंगहॅमला येऊ. शेवटच्या मीटर्समध्ये अविनाश किबिवोटच्या अगदी अंगावर आला होता. मी उभाच राहिलो. किबिवोट 8:11.15, साबळे 8:11.20. पाच शतांश सेकंद! मी लगेच कॅलक्युलेटर काढला (सवय, काय करणार). त्या वेगाने हे अंतर होतं साधारण 30 सेंटीमीटर. तीन किलोमीटर धावून फरक शाळेतल्या पट्टीएवढा. तरी तिथे रुपेरी पदक म्हणजे केनियाची अठरा पदकांची भिंत फुटली होती.

पुढच्या वर्षी हांगझोऊ एशियाडमध्ये सुवर्ण, 8:19.50, स्पर्धाविक्रम. जुलै 2024 मध्ये पॅरिस डायमंड लीगला 8:09.91. सहा वर्षांत जवळपास वीस सेकंद कमी! मग पॅरिस ऑलिंपिकची फायनल, तिथे अकरावा. ‘फक्त अकरावा?’ असं आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं. या शर्यतीची ऑलिंपिक फायनल गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष, हे मी टाईप करेपर्यंत विषय क्रिकेटवर गेला होता.

जुलै 2025 मध्ये मोनॅकोत तो पडला, गुडघा दुखावला आणि ऑपरेशन करावं लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात गुमीला त्याने आशियाई सुवर्ण जिंकलं होतं.