नागपूरकरांचा समुद्र

नागपुरास समुद्र नाही, ही गोष्ट शाळेतले पहिलीचे पोरही सांगेल. तरी समुद्राची हौस काही आम्हांला सुटलेली नाही. शहराच्या मध्यातल्या जुम्मा तलावाचे नाव आम्ही गांधीसागर ठेवले आणि फुटाळ्याच्या, म्हणजे तेलंगखेडीच्या तलावाच्या काठाला तर आम्ही सरळ चौपाटी म्हणतो. मुंबईकर पाहुणा हे ऐकून हसतो. त्याने हसावे, पण एके काळी नागपूरच्या राजाला खराखुरा समुद्र होता, आणि तो चांगला बावन्न वर्षे होता, हे त्यालाही ठाऊक नसते आणि आम्हांलाही.

मी इतिहास शिकवतो. 1751 साली ओरिसा प्रांत रघुजी भोसल्यांना मिळाला, हे वाक्य फळ्यापुढे उभे राहून मी वीस वर्षे म्हटले असेल. त्या वाक्यात समुद्र आहे हे मात्र मला गेल्या पौषात आईने दाखवून दिले.

डॉक्टरांनी तिला चालायला सांगितले होते. म्हणून दर रविवारी पहाटे मी तिला महालातून स्कूटरवर बसवून तेलंगखेडीच्या बागेत नेत असे. महाराजबाग, तुळशीबाग, सक्करदरा अशा ज्या बागा भोसल्यांनी या गावाला दिल्या, त्यांतलीच ही एक. नागपूरचा उन्हाळा जगात बदनाम आहे, पण इथला हिवाळा ज्याने पाहिला नाही त्याने नागपूर अर्धेच पाहिले. पाण्यावर धुके असे लोळत असते की पलीकडचा काठ दिसत नाही. कानाला मफलर गुंडाळलेली म्हातारी माणसे झाडांखालून खोकत-बोलत जातात, आणि बाहेर तर्री-पोह्यांच्या गाडीवर पहिला वाफारा निघालेला असतो. आईचा सारा नेम त्या पोह्यांच्या आशेवर चालला होता, हे मी डॉक्टरांना अजून सांगितलेले नाही.

त्या दिवशी धुके फार होते. पाळीवर उभी राहून आई बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “काठच दिसत नाही रे बाप्पा. समुद्र असाच असते का?”

तिने समुद्र पाहिलेला नाही. तिच्या सासूने पाहिला होता. आजी जगन्नाथपुरीला जाऊन आली तेव्हा आणलेली निर्माल्याची, म्हणजे वाळलेल्या महाप्रसादाच्या भाताची, लहानशी पुरचुंडी आमच्या देवघरात आहे. आई ती दर दिवाळीला पुसून पुन्हा जागेवर ठेवते.

“आजीनं पाहिला तो समुद्र आपल्या भोसल्यांचा होता,” मी म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. मग बाकावर बसून मला सारे सांगावे लागले.

सुरुवात अभिमानाने सांगण्यासारखी नाही. 1740 नंतर पहिल्या रघुजींच्या फौजा वर्षानुवर्षे बंगालवर चालून गेल्या. त्यांनी तिथे जी लूट आणि जाळपोळ केली तिची आठवण बंगाली अंगाईगीतांत अजून आहे; तिकडे ‘बर्गी’ म्हणून आया पोरांना भीती घालतात ते आमचेच स्वार. 1744 साली नवाब अलीवर्दीखानाने भास्करपंत कोल्हटकरांना बोलणीसाठी बोलावून दग्याने मारले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. शेवटी 1751 साली थकलेल्या नवाबाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओरिसा सोडला. बालेश्वरपासून पुरीपर्यंतचा किनारा नागपूरच्या दौलतीला लागला. मिठागरे आली, यात्रेकरूंवरचा कर आला आणि जगन्नाथाच्या देवळाची देखरेखही आली. कोणार्कच्या ओसाड सूर्यमंदिरापुढचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे आणून उभा केला तो याच अमदानीत.

तेलंगखेडीचा तलाव अठराव्या शतकाच्या सरतेशेवटी बांधला गेला. म्हणजे ही पाळ घातली जात होती तेव्हा दुसऱ्या रघुजींचा समुद्र अजून शाबूत होता! त्याच सुमारास, 1799 साली, संस्कृताचा गाढा पंडित कोलब्रुक कंपनीचा वकील म्हणून नागपुरास येऊन राहिला. रघुजींना कंपनीच्या मैत्रीत ओढायचे, हे त्याचे काम. ते काही त्याला साधले नाही. पण कलकत्ता आणि मद्रास यांच्यामध्ये किनाऱ्यावर हे एक नागपूरचे कुंपण आडवे आहे, ही सल कंपनीच्या मनातून जाणार नव्हती.

ती 1803 साली काढली गेली. सप्टेंबरात कर्नल हारकोर्ट पुरीत शिरला, ऑक्टोबरात कटकचा बाराबाटी किल्ला पडला. इकडे नोव्हेंबरात अडगावला आपला पराभव झाला आणि डिसेंबरात गाविलगड गेला. 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला, आणि कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेकडचे वऱ्हाड एका सहीसरशी गेले. मौज अशी की वऱ्हाड गेल्याची हळहळ आमच्या जुन्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. समुद्र गेल्याची कोणी केली असे माझ्या ऐकिवात नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे. तिसरे रघुजी 1853 च्या डिसेंबरात वारले, दुसऱ्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. म्हाताऱ्या बांकाबाईंचा सगळा संताप वाया गेला आणि राजघराण्याचे जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात विकले गेले. महालातला राजवाडाही 1864 साली जळाला. बाग आणि तलाव मात्र राहिले. हा तलाव पाणथळ जागा म्हणावी की नाही, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि माणसाने बांधलेला म्हणून तो पाणथळ नव्हे, असे 2025 साली ठरले. पाणकावळ्यांना हा निकाल अजून कोणी वाचून दाखवलेला नाही.

आईने सारे निमूटपणे ऐकले. धुके विरळ होऊन पलीकडची झाडे दिसू लागली होती.

“म्हणजे आपल्याच राजाचा होता म्हणतो?” ती म्हणाली. “मंग मले आतापर्यंत दाखवला काउन नाही?”

वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. तिच्या गुडघ्यांची, रजेची, पैशांची, अशी नेहमीची उत्तरे तोंडाशी आली. पण ती मलाच पटेनात.

फाल्गुनात आम्ही रेल्वेने पुरीला गेलो. सिंहद्वारापुढे अरुणस्तंभाकडे मान वर करून ती उभी राहिली आणि हा कोणी आणला ते तिने शेजारच्या एका अनोळखी बाईला मराठीतच सांगून टाकले. बाईने मान डोलावली. संध्याकाळी वाळूत बसून तिने समुद्र पाहिला. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढं पाणी, आन्‌ याले पाळ कुठीच नाही रे.”