शूमाकर : व्यवसाय एक, आडनावे तीन

'शूमाकर' हे जर्मन भाषेतील व्यवसायवाचक आडनाव असून त्याचा अर्थ 'जोडे तयार करणारा' असा होतो. 'शू' म्हणजे जोडा व 'माखेन' म्हणजे करणे. फॉर्म्युला वन शर्यतींचे सात वेळा विश्वविजेते ठरलेले मायकेल शूमाकर यांच्यामुळे हे नाव जगभर परिचित झाले.

याच व्यवसायातून आणखी दोन आडनावे आली. 'शूस्टर'मध्ये 'शिवणारा' या अर्थाचा लॅटिन शब्द 'सूटोर' दडलेला आहे. 'शूबर्ट'मधील 'काम करणारा' या अर्थाचा जुना जर्मन शब्द मात्र झिजून ओळखू न येण्याइतका बदलला आहे.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात आडनावे वंशपरंपरागत होत गेली. पुढे व्यवसाय सुटला तरी नाव टिकले. संगीतकार फ्रान्झ शूबर्ट (१७९७-१८२८) यांचे वडील शिक्षक होते.