डोळ्यांची चेहरेपट्टी

मोगल अमदानीत फौजेत दाखल होणाऱ्या स्वाराची जी चेहरेपट्टी बक्षीच्या दप्तरी लिहिली जाई, तीत कपाळाची रुंदी, भुवयांची ठेवण व अंगावरील व्रण यांच्यासह डोळ्यांचीही नोंद असे, आणि ‘मेश-चश्म’, म्हणजे मेंढीसारख्या डोळ्यांचा, एवढ्या शब्दावर कारकुनाचे काम भागे. हजेरीस तोतया उभा राहू नये, इतकाच त्या नोंदीचा हेतू होता.

छटा मोजण्याचा हव्यास पुढे युरोपात उत्पन्न झाला. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसचे मानवशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यांनी तपकिरी, हिरवा, निळा व करडा हे चार वर्ण घेऊन प्रत्येकाच्या अतिगडदापासून अतिफिकटापर्यंत पाच पायऱ्या कल्पिल्या आणि वीस छटांचा तक्ता सिद्ध केला. मानववंशांची प्रतवारी लावण्याच्या ज्या खटाटोपासाठी तो जन्मला, त्याविषयी आज कोणी आदर बाळगण्याचे कारण नाही; परंतु तक्त्यातच एक घोटाळा दडलेला होता. निळ्याच्या रांगेतील गडद आणि तपकिरीच्या रांगेतील गडद या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत. तपकिरी बुबुळाचा गडदपणा त्यातील रंगद्रव्याच्या साठ्यावर अवलंबून असतो. निळ्या बुबुळात निळे द्रव्य मुळी नसतेच, तेथे विखुरलेला प्रकाशच आपल्याला निळा दिसतो.

हा गुंता सोडविण्याचे श्रेय, माझ्या मते, विद्यापीठापेक्षा पोलीस कचेरीकडे अधिक जाते. १८७९ साली पॅरिसच्या पोलीस खात्यात कारकून म्हणून शिरलेल्या आल्फाँस बर्तियाँ यांनी गुन्हेगारांच्या शरीरमापनाची पद्धत रचताना, लोक ज्याला सरसकट निळा किंवा करडा डोळा म्हणतात ते वर्णन बाजूस सारले, माणसाला खिडकीच्या उजेडासमोर उभे केले, आणि बाहुलीभोवतीच्या वलयात पिवळे, नारिंगी वा तपकिरी द्रव्य कोणते व त्याची तीव्रता किती, हे आधी पाहून बुबुळाच्या परिघाचा रंग निराळ्या रकान्यात लिहिण्याचा दंडक घातला. द्रव्याची तीव्रता आणि परिघाचा फिकेपणा असे दोन हिशेब त्यामुळे प्रथमच वेगळे झाले.

बर्तियाँचे शरीरमापन बंगालच्या पोलिसांतही आले. पण १८९७ मध्ये हिंदुस्थान सरकारने बोटांच्या ठशांस मान्यता दिली आणि शरीरमापनाचे महत्त्व ओसरले. येथील जातिजमातींची शरीरमापे घेणारे ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांनी १९०८ च्या आपल्या ग्रंथात हिंदी लोकांचे डोळे जवळजवळ सर्वत्र गडद तपकिरी ठरविले, तेव्हा अपवादांत त्यांना कोकणस्थ ब्राह्मणांचे करडे डोळे नमूद करावे लागले. आपल्याकडे मात्र करड्या, हिरवट, मधाळ अशा साऱ्या डोळ्यांना ‘घारे’ म्हणून लोक मोकळे होतात.

तिकडे युरोपात १९०३ साली मानवशास्त्रज्ञ रुडोल्फ मार्टिन यांनी रंग ताडून पाहण्यासाठी काचेचे सोळा डोळे बसविलेली पट्टी तयार केली. तीत पहिला क्रमांक सर्वांत गडद डोळ्याचा होता व सोळावा फिकट निळ्याचा. पुढे मार्टिन-शुल्त्स या सुधारित पट्टीत क्रम उलटा झाला, आणि जुन्या तक्त्यांतील सोळा हा आकडा फिकट समजावा की काळसर, हे कोणती पट्टी वापरली याचा शोध घेतल्यावाचून कळेनासे झाले.