गाळ धरणारे, पाणी सोडणारे कापड

इसवी सनापूर्वी 256च्या सुमारास चीनमधल्या शू प्रदेशाचा कारभारी ली बिंग याने मिन नदीचा प्रवाह दुभागण्याचे काम हाती घेतले. नुसते दगड टाकले तर पुराचा लोंढा ते वाहून नेई. म्हणून बांबूच्या कामट्यांच्या लांबलचक टोपल्या विणून, त्यांत गोटे भरून त्या पात्रात रचल्या गेल्या. दूजियांगयान येथील ती व्यवस्था आजही शेतांना पाणी पुरवते. सुट्या मालाला विणलेले आवरण घालून त्याचा बांध करायचा आणि पाण्याला फटींतून वाट द्यायची, ही जिओटेक्स्टाइल ट्यूबमागची, म्हणजे वाळू किंवा गाळ भरायच्या कापडाच्या लांब नळीमागची, कल्पना आपल्याला इथे स्पष्ट दिसते. पुढे हॉलंडमध्ये विलोच्या फांद्यांच्या चटया विणून, त्यांवर दगड लादून त्या तळाशी बसवण्याची विद्या पिढ्यानपिढ्या चालली. पण बांबू काय किंवा विलो काय, कधी ना कधी कुजायचाच.

31 जानेवारी 1953च्या रात्री उत्तर समुद्राने हॉलंडचे बांध फोडले आणि 1,836 माणसे बुडाली. एवढ्या प्रचंड दुरुस्तीला फांद्या आणि त्या विणणारे हात कुठून पुरणार? त्याच दशकात डच अभियंते वाळू भरलेल्या नायलॉनच्या पिशव्यांकडे वळले. 1954 मध्ये इटलीत जूलिओ नात्ता यांनी पॉलीप्रॉपिलीन हाती आणले आणि न कुजणारा स्वस्त धागा गिरण्यांना मिळण्याची वाट मोकळी झाली. 1958 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर रॉबर्ट बॅरेट यांनी काँक्रीटच्या ठोकळ्यांखाली खडीच्या थराऐवजी विणलेले प्लास्टिकचे कापड अंथरले. 1960च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये वाळूने भरलेली लांब ट्यूब आली. तिला मात्र आतून पाणी न झिरपणारे अस्तर असे. 1980च्या दशकाच्या आरंभी ब्राझीलमधल्या अभियंत्यांनी कापडातूनच पाणी निथळू देणाऱ्या ट्यूबचे बांध घातले. या ब्राझीलच्या मंडळींची आठवण फारशी निघत नाही, पण माझ्या मते आजची ट्यूब खरी त्यांच्याच घराण्यातली.

ट्यूबच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण आले ते समुद्रापासून दूर. 1990च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागातील संशोधकांनी मिसिसिपी राज्यातल्या विक्सबर्ग इथे ट्यूबमध्ये वाळूऐवजी सांडपाण्याचा गाळ भरून पाहिला. इथे बांध घालायचाच नव्हता. निथळून जाणारे पाणी हेच फळ होते. ही रीत जवळून पाहण्याजोगी आहे. सपाट आवारात रिकामी ट्यूब अंथरतात. पातळ गाळात पॉलिमर मिसळले की बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मग वरच्या तोंडातून पंपाने भरणा सुरू होतो, ट्यूब फुगते आणि तिच्या अंगाला घाम फुटावा तसे नितळ पाणी पाझरू लागते. ती बसली की पुन्हा भरतात, असे अनेकदा. शेवटी कापड फाडून आतला घट्ट गाळ उचलतात. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनोंडागा तलावाच्या तळाशी कारखान्यांचा पारा साचला होता. 2012 ते 2014 या काळात तिथून सुमारे 17 लाख घनमीटर गाळ उपसून कित्येक किलोमीटर लांबीच्या नळातून अशा ट्यूबमध्ये भरला गेला.

ट्यूबचा बाजार वाढला तो गाळ निथळण्याच्या या कामातून. गाळ दाबून पिळणाऱ्या यंत्राला इमारत लागते, वीज लागते. ट्यूबला जागा आणि सवड पुरते. कागद गिरण्या, सांडपाणी केंद्रे, खाणी यांना हे परवडते. बांधकामातला जुना उपयोगही सुटलेला नाही: बहारीनमधली अमवाज बेटे ट्यूबच्या कडेआड भराव घालून उभी राहिली, तर ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पेंठा गावी 2016 मध्ये 505 मीटरचा ट्यूबचा बांध झाला, त्यावर दोरखंडाच्या जाळीत बांधलेले दगड रचून. तेही हवेच होते, कारण उघड्या कापडाला ऊन आणि वाहून आलेले ओंडके सोसत नाहीत. भारत सरकारने 2020 मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी 1,480 कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्यात हे कापडही येते. पण पुढची मागणी मला दिसते ती खाणींकडून. 25 जानेवारी 2019 रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमाजीन्यो येथील लोहखाणीचा गाळ अडवणारे धरण फुटून 270 माणसे गेली आणि त्या देशाने तशा बांधणीच्या धरणांवर बंदी घातली. तेव्हापासून खाणीचा गाळ साठवण्याआधी त्यातले पाणी काढावे, हा आग्रह वाढला आहे. त्यासाठी जे मार्ग तपासले जातात, त्यांत ट्यूबही आहे.