इबोला : नदीचे नाव, रोगाच्या माथी

१९७६ साली तत्कालीन झैर, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील यांबुकू गावाच्या परिसरात तीव्र ताप व रक्तस्राव घडवणाऱ्या अज्ञात रोगाने ३१८ रुग्णांपैकी २८० जणांचा बळी घेतला, तेव्हा त्याच्या विषाणूला, म्हणजे केवळ जिवंत पेशीतच वाढणाऱ्या सूक्ष्म रोगकारकाला, गावाचेच नाव देण्याचा विचार झाला होता; परंतु नायजेरियातील लासा गावाला अशा नामकरणाचा कलंक लागल्याचे ठाऊक असल्याने संशोधकांनी काही अंतरावरून वाहणाऱ्या इबोला नदीचे नाव निवडले, आणि त्या घाईतही त्यांनी दाखवलेली ही माणुसकी मोलाचीच म्हटली पाहिजे. दुर्दैवाने कलंक नदीला लागला. हे नदीनाम स्थानिक एन्ग्बांदी भाषेतील ‘लेग्बाला’ या शब्दाचे फ्रेंच उच्चारात बदललेले रूप मानले जाते, आणि त्याचा अर्थ ‘पांढरे पाणी’ असा सांगतात.